साळवे बाई, लक्ष कुठे ठेवायचं?

बाई, शेवटचे काही आठवडे मी तुमच्या डाव्या बाजूला बसलेली असायचे आणि तुमचा डावा हात माझ्या हातात असायचा. तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून माझ्याशी बोलायचात. प्रज्ञा म्हणायची, आई, वैशाली इकडे बसलीय. त्यावर तुम्ही "कळलं की" म्हणायचात आणि पुन्हा त्या खुर्चीलाच माझ्या ऑफिसचं विचारायचात.

तुम्हाला जाऊन अजून आठवडाही झालेला नाही. भेटणारे लोक 'सुटल्या बिचाऱ्या' म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. तुम्हाला कुणी बिचारी म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. ज्या एका गोष्टीच्या जोरावर तुम्ही मला उभं केलंत, तीच तुमच्याकडून काढून घेतली गेली, आणि ती परत आणायचे माझे सगळे प्रयत्न फुकट गेले. हे कुणाला तरी सांगायचंय. आणि हे सांगितल्यावर मला समजावत न बसता फक्त ऐकून घेईल असं माणूस तुम्हीच होतात.

आपली ओळख काही प्रेमाची नव्हती. शाळेत तुम्ही पीटीच्या बाई आणि मी वर्गातली सगळ्यात वेंधळी मुलगी. थ्रोबॉलचा सराव शाळा सुटल्यावर असायचा. थंडीच्या दिवसांत उजेड लवकर उतरायचा आणि मग बॉल माझ्या हातात यायच्याऐवजी छातीवर नाहीतर तोंडावर आदळायचा. तुमची शिट्टी वाजायची. "लक्ष कुठंय तुझं?" एवढंच विचारायचात आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावायचात. मी मुकाट्याने मारायचे. माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार तेव्हाच सुरू झाला होता, पण हे पुष्कळ वर्षांनी डॉक्टरांकडून कळलं. तेव्हा मला वाटायचं, संध्याकाळी सगळ्यांनाच एवढंच दिसतं. बाकीच्या मुली माझ्यापेक्षा हुशार म्हणून त्यांना कॅच येतो.

बी.कॉम. झाले, एका पतपेढीत नोकरीला लागले. नजर कडेकडेने आकसत गेली आणि एका उन्हाळ्यात पार गेली. नोकरी सुटली, जमत आलेलं लग्न मोडलं. मी कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये बसून राहिले. बाबा छापखान्यात कामाला होते. कामावर जाण्याआधी ते मला हाताला धरून खिडकीपाशी बसवायचे, संध्याकाळी आले की हाताला धरून उठवायचे. आई चहासुद्धा बशीत ओतून ओठाशी आणायची. मायेनंच सगळं चाललं होतं, आणि मला रोज थोडं थोडं मेल्यासारखं वाटायचं.

तुम्हाला कुठून कळलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. एका दुपारी शाळेतून थेट जिने चढून आलात. आईने पाणी दिलं, रडायला लागली, तुम्ही ऐकून घेतलंत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "संध्याकाळचे कॅच सुटायचे तुझे." आणि पर्स उचलून म्हणालात, उद्यापासून येते, गच्चीची किल्ली मागून ठेव.

त्या गच्चीवरचा पहिला महिना आठवला की मला अजून हसू येतं. आंधळ्या माणसाला काय आणि कसं शिकवायचं हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. तुम्ही जुना टेनिसचा बॉल चिरून त्यात घुंगरू घालून शिवून आणला होता, आणि समोर एक प्लॅस्टिकची बादली ठेवली होती. मला वाटलं, लंगडी घालायला लावली असतीत तर निदान कळलं असतं की थट्टा चाललीय. ज्याला जिना उतरता येत नाही त्याने बादलीत बॉल टाकून काय करायचं, असं मी विचारलंही. तुम्ही म्हणालात, जिना उतरायला जे लागतं तेच यालाही लागतं, फक्त इथे चुकलीस तर हाडं मोडणार नाहीत.

मग तुम्ही शाळेसारख्याच सूचना द्यायला लागलात. कोपर वर, मनगट सैल, डावा पाय पुढे. मी कोपराचा विचार करायचे तर मनगट आवळायचं, मनगट सोडवायला जावं तर पाय चुकायचा. बॉल शेजारच्या पत्र्यावर. असं किती दिवस चाललं कोण जाणे. एक दिवस तुम्ही वैतागलात, खालून चमचा मागवलात आणि बादलीवर वाजवायला लागलात. "हात विसर. कोपर विसर. हे ऐक आणि इथे टाक." मी टाकला. घुंगरू बादलीच्या तळाशी खळखळलं. पुन्हा टाकला, पुन्हा आत. तुम्ही काही बोलला नाहीत. नंतर तुम्हीच सांगितलंत की तुम्हाला बोलवतच नव्हतं, कारण इतकी वर्षं मुलींना उलटं शिकवलं असं तुम्हाला वाटायला लागलं होतं.

तिथून तुमचं एकच टुमणं सुरू झालं. लक्ष अंगात ठेवायचं नाही, अंगाबाहेर ठेवायचं. चहा ओतताना हाताकडे नाही, कप भरताना आवाज चढत जातो तिकडे. काठी धरली की मनगटात नाही, काठीच्या टोकाशी. तांबट आळीकडून भांडी ठोकल्याचा आवाज यायचा, तो डाव्या कानाला ठेवून चालायला लावलंत आणि मी पहिल्यांदा सरळ रेषेत चालले. आईने चहाच्या कपात बोट बुडवून बघायला शिकवलं होतं. तुम्ही ते मोडून काढलंत. पाहुण्यांना काय बोट घातलेला चहा देणार आहेस, म्हणालात.

आणि तिथूनच आपलं भांडणही सुरू झालं. मी म्हणायचे, बाई, तुम्हाला डोळे आहेत. तुमचं अंग तुमच्यासमोर आपोआप असतं, म्हणून तुम्ही त्याला विसरू शकता. मी माझ्या पावलावरचं लक्ष काढलं तर मी कुठे आहे हेच मला कळत नाही. तुम्ही म्हणायचात, "मग सांभाळत बस पावलं. पोचायचं कुठे ते कोण बघणार?" मी तुम्हाला आमच्या जिन्यावर नेऊन दाखवलं. झिजलेल्या त्या दगडी पायऱ्यांवर पायात जीव आणल्याशिवाय मला एक पायरी उतरता येत नव्हती. तुम्ही जिन्यात उभ्या राहून विचार केलात. मान्य केलंत, की नवं शिकताना थोडा वेळ पायात ठेवायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या ते परत घेतलंत. रात्रभर विचार केला, ते चूक आहे म्हणून.

चालता यायला लागल्यावर तुम्ही नवीच पीडा काढलीत. चालताना मला बोलायला लावायचात. तेराचा पाढा, पुरणाची कृती, पतपेढीतल्या साहेबांची नक्कल. बोलता बोलता चालता आलं तरच चालता आलं, असं तुमचं म्हणणं. त्या वर्षी फोनच्या आणि कसल्या कसल्या केबलींसाठी सगळं शहर उकरलेलं होतं. पुण्यात कॉम्प्युटर येणार म्हणून पुणेकरांनी खड्ड्यात पडायचं, असं बाबा म्हणायचे. मी पुरणात जायफळ घालत होते आणि सरळ चरात गेले. गुडघा फुटला. आईने तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं. माझी मुलगी म्हणजे तुमच्या प्रयोगाचा उंदीर नाही, असंही म्हणाली. मला वाटलं, आता तुम्ही येणार नाही.

तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात आणि स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून माझ्याबरोबर निघालात. मंडईपाशी तुम्ही पेरूच्या हातगाडीवर जाऊन आदळलात. गाडीवरची बाई शांतपणे म्हणाली, "दोघीबी आंधळ्या, मग बघतंय कोण?" आपण दोघी तिथे उभ्या राहून इतक्या हसलो की तिने आपल्याला एकेक पेरू कापून दिला. परत येताना तुम्ही माझ्या दंडाला धरलं होतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात की तुझं थोडंसं बरोबर आहे, पाय कुठे पडतोय याची फार भीती वाटते. एवढं एकदाच कबूल केलंत. पट्टी सोडल्यावर विषय बंद.

तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आलंय, आंधळ्यांनाही शिकता येतं, ही बातमी तुम्हीच आणलीत. क्लास बुधवार पेठेत होता. पहिल्या दिवशी मी एकटीने जायचं ठरलं. तुम्ही माझ्या मागे आला नाहीत. तुम्ही आमच्या घरी येऊन बसलात, कारण आई माझ्या मागे येणार हे तुम्हाला माहीत होतं. आईने नंतर सांगितलं, बाईंनी मला मटार सोलायला बसवलं आणि खिडकीशीसुद्धा जाऊ दिलं नाही. मी दुपारी परत आले तेव्हा दोघी मटारच सोलत होतात. "आलीस?" एवढंच विचारलंत. आईने मात्र मला गच्च धरलं आणि मग तुम्हालाही धरलं. तुम्हाला असलं धरणं जमायचं नाही, तरी तुम्ही उभ्या राहिलात.

पुढे मला हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. वेबसाइट आंधळ्यांना वापरता येतात की नाही हे तपासायचं काम. कंपनीच्या बसमध्ये सगळी पोरं हिंदी-इंग्रजीत बोलायची. मी तुमच्याकडे तक्रार केली तर म्हणालात, बोलू देत, तू तुझ्या स्टॉपवर उतर म्हणजे झालं. तुम्ही रिटायर झालात, विश्रांतवाडीला प्रज्ञाकडे राहायला गेलात. तिथून फोनवर भांडण चालूच. मी म्हणायचे, बाई, परवा नवीन इमारतीत गेले आणि पायातच लक्ष ठेवावं लागलं. तुम्ही म्हणायचात, म्हणून तर उशीर झाला असेल. कुणाचंच संपत नव्हतं. मला ते संपवायचंही नव्हतं.

एक दिवस ऑफिसमध्ये प्रज्ञाचा फोन आला. आईला पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू. मला वाटलं, हात गेला, पाय गेला, व्यायामाने येईल. तुम्हीच शिकवलेली आहे ना मी. पण डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं ते वेगळंच होतं. डोळे चांगले आहेत. हातातही थोडी ताकद आहे. पण मेंदूचा जो भाग डावीकडे लक्ष देतो तोच बसलाय. त्यांच्या लेखी डावी बाजू नाहीच.

त्यांनी हाच शब्द वापरला, बाई. लक्ष.

घरी आणल्यावर एकेक उमगत गेलं. तुम्ही केस फक्त उजवीकडचे विंचरायचात. ताटातलं उजवीकडचं जेवायचात आणि प्रज्ञावर चिडायचात की भाजी का वाढली नाहीस. भाजी ताटात डावीकडे होती. प्रज्ञा आत जाऊन रडायची. मी ताट चाचपून फिरवून ठेवायचे, मग तुम्ही भाजी खायचात आणि म्हणायचात, आत्ता वाढलीस होय. मला काहीच दिसत नाही, तरी भाजी कुठे आहे ते मला माहीत. तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही तिथवर पोचू शकत नव्हतात.

मी शनिवार-रविवार यायला लागले, मग रजा घेऊन. फिजिओथेरपिस्ट यायची, ती तिचे व्यायाम करून घ्यायची. ती गेली की मी माझे सुरू करायचे. मला येत होतं ते सगळं तुमचंच होतं. डावीकडे बसून स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला. तुम्ही उजवीकडे वळलात. तुमच्या डाव्या कानाशी बोलले, तुम्ही उजवीकडे उत्तर दिलंत. लहान चेंडू तुमच्या डाव्या तळव्यात ठेवून बोटं मिटवली, तो गळून पडला. त्याचा आवाज मी ऐकला, तुम्ही नाही. लक्ष हाताबाहेर ठेव म्हणणाऱ्या बाईंना मी आता विनवत होते की बाई, हातात ठेवा, एकदाच हातात ठेवा. एकदा मी तुमचा हात हातात घेऊन विचारलं, हा कुणाचा हात आहे?

"तुझा असेल," तुम्ही म्हणालात.

माझा इकडे आहे बाई, हा तुमचा. तुम्ही दुखावल्यासारख्या म्हणालात, "नाही गं, काहीतरी काय."

मधे एक दिवस चांगला आला. मी डावीकडून बोलत होते आणि अचानक तुमचा आवाज माझ्या तोंडावर आला. "अगं, तू इथे बसलीयस होय?" प्रज्ञा स्वयंपाकघरातून धावत आली. तुम्ही माझ्या गालाला हात लावलात, उजवाच, पण डावीकडे आणून लावलात. मी त्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये पुढच्या महिन्याचे बेत करत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा त्या खुर्चीशी बोलत होतात. तसा दिवस परत आला नाही.

तुम्हाला काहीच कळत नव्हतं असंही नाही, आणि हेच मला सगळ्यात छळतं. एका दुपारी प्रज्ञा औषधं आणायला गेली होती. तुम्ही नीट, शाळेतल्यासारख्या स्पष्ट आवाजात म्हणालात, "वैशाली, माझं लक्ष लागत नाहीये. कुठे लागत नाहीये तेही कळत नाही. काय करू?"

इतक्या वर्षांत तुम्ही मला विचारलेला हा एकमेव खरा प्रश्न. बाकी सगळे तुम्ही विचारायचात ते मला उत्तर यावं म्हणून. मला उत्तर आलं नाही. मी म्हणाले, होईल बाई, हळूहळू होईल. माझ्या आईला तुम्ही असलं गोड बोलू द्यायचा नाहीत. मलाही रागवाल असं वाटलं. तुम्ही रागावला नाहीत. "बरं," म्हणालात.

ज्याचं लक्ष चुकीच्या ठिकाणी आहे त्याला दुसरीकडे वळवता येतं, हे मी तुमच्याकडून शिकले. पण लक्ष वळवायलाही थोडं लक्षच लागतं. तेच नसेल तर कुठून सुरुवात करायची हे आपण कधी बोललोच नव्हतो. तुम्ही धडधाकट असतात आणि दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं, तर तुम्ही चमच्यासारखं काहीतरी शोधून काढलं असतंत असं मला वाटत राहतं. कदाचित नसतंही. मला जमलं नाही एवढं खरं.

आणखी एक राहिलं. ते कॅच. तुम्ही त्या पहिल्या दिवशी एक वाक्य बोललात, पुढे कधीच नाही. तुम्ही का आलात हे मला तेव्हाच कळलं होतं. मला पुष्कळदा सांगावंसं वाटलं की बाई, मलाही तेव्हा माहीत नव्हतं, आईबाबांना माहीत नव्हतं, तुम्हाला कुठून असणार. त्या फेऱ्यांचं मला काही वाटत नाही. पण ते बोलले असते तर तुम्ही केवळ त्यासाठीच येत राहिलात असा अर्थ झाला असता, आणि तसं नव्हतं. म्हणून दरवेळी राहू दिलं. शेवटच्या दिवसांत सांगायला हवं होतं. पण तुम्ही उजवीकडे बघत होतात, आणि असली गोष्ट त्या खुर्चीकडून तुम्हाला मिळावी असं मला वाटेना.

दुसरा झटका सकाळी आला. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरात माणसं दाटली होती, त्रिसरण-पंचशील चाललं होतं. तुमच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, एकीने मला ओळखलं. प्रज्ञाने माझ्या हातात फुलं दिली आणि मला तुमच्यापाशी नेलं. तिने विचारलं, कुठल्या बाजूला बसतेस? तिनेच मग मला खाली बसवलं.

काल ऑफिसला गेले. माझ्या शेजारी बसणारा मुलगा नवीन आहे, इंदूरहून आलेला, मराठी शिकतोय. त्याने हळूच विचारलं, "घरात कोणी ऑफ झालं का?"

मी म्हटलं, घरातलं नाही. माझ्या बाई होत्या.

"बाई म्हणजे? कामवाली?"

शाळेतल्या, म्हटलं. पीटीच्या.

"अच्छा, स्पोर्ट्स टीचर," तो म्हणाला. मला वाटलं, तो आणखी काही विचारेल. त्याने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण त्याला फोन आला, आणि मी हो म्हणून हेडफोन चढवले.